तिसऱ्या फेरीतून खोडलेलं नाव

जवाहरनगर
६ नोव्हेंबर २०२३

दादा,

नमस्कार करते. पाया पडायले वाकता येत नाही. श्रावणात मोरीत पडली अन् खुब्यात सळई टाकावी लागली. कागदावरच डोकं टेकवलं असं समज.

मागच्या वर्षी संजीवचे बाबा गेले तेव्हा संजीवनं बिलासपूरले फोन केला होता. तुझ्या सुनेनं उचलला. तू आला नाही. मी वाटही पाहिली नाही. आई गेली तेव्हा तू मोहाडीले आला होता अन् माझ्याकडं न बघताच परत गेला होता. बासष्ट वर्षांत माझ्या दाराशी आला नाही, मग माणूस गेल्यावर कायले येशील.

'संजीवचे बाबा' लिहिलं खरं, पण तुझ्यासाठी तो श्यामच होता. नवऱ्याचं नाव मी उभ्या जन्मात घेतलं नाही. या पत्रात मात्र श्याम लिहीन. नाहीतर कोणाबद्दल लिहून राहिली हे तुले कसं समजेल.

आता पलंगापासून मोरीपर्यंत वॉकर धरून पंचवीस पावलं, अन् परत पंचवीस. एवढंच माझं फिरणं. खिडकीतून फॅक्टरीच्या बसा दिसते. मार्चमध्ये संजीव रिटायर होईल, मग हे क्वार्टर सोडून नागपूरले चौथ्या मजल्यावर जायचं आहे. तिथून तर बसाही दिसणार नाही. मले कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी काय सांगणार होती.

पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. नागपूरचा एक माणूस येऊन गेला, नीलेश नावाचा, चाळिशीचा. विदर्भातल्या जुन्या टेनिस खेळाडूंवर पुस्तक लिहून राहिला. बसल्या बसल्या तुझं सगळं बोलून गेला. अठ्ठावन्न सालची कलकत्त्याची आंतरराष्ट्रीय स्पर्धा, मातीचे कोर्ट, अकरा देशांचे खेळाडू, अन् त्यात मोहाडीच्या विणकराचा एकवीस वर्षांचा पोरगा. पहिल्या फेरीत स्वीडनचा उंच गडी तू पाच सेटमध्ये हरवला. दुसऱ्या फेरीत ऑस्ट्रियाचा. तिसऱ्या फेरीच्या सकाळी फळ्यावरचं तुझं नाव खोडलं, अन् तू हरवलेल्या त्या ऑस्ट्रियाच्या माणसालेच परत बोलावून तुझ्या जागी खेळवलं. तू बाकावर बसून तो सामना पूर्ण पाहिला म्हणते.

बाकावर बसल्याचं मले माहीत नव्हतं, दादा.

कोणीतरी प्रांताच्या संघटनेले निनावी अर्ज धाडला होता, की हा पोरगा भंडाऱ्याच्या क्लबात मार्कर आहे, साहेब लोकांसंगं खेळायचा पगार घेते. तेव्हा अशा स्पर्धेत हौशी माणसालेच जागा होती. पगार घेणारा कितीही चांगला खेळो, तो बाहेर. अन् तुझ्या फॉर्मवर हौशी म्हणून तुझी सही होती.

नीलेशनं त्या अर्जाबद्दल मले विचारलं. मी म्हातारी बाई, मले काय ठाऊक, असं म्हणून मोकळी झाली. तुझा पत्ता तेवढा दिला. तो लिहील, नाहीतर येईल. तुले जे सांगावं वाटेल ते सांग.

तुझी बहीण
सत्यभामा


जवाहरनगर
१९ नोव्हेंबर २०२३

दादा,

पहिल्या पत्राचं उत्तर नाही. येणार नाही हे ठाऊक होतं. पण त्यात एक खोटं गेलं, ते तसंच तुझ्या घरात पडून राहू नये म्हणून पुन्हा लिहिते.

'मले काय ठाऊक' असं मी नीलेशले म्हटलंच नाही.

त्याच्यापाशी त्या अर्जाची झेरॉक्स होती. संघटनेच्या जुन्या फायलीत सापडली म्हणे. तिच्यासंगं क्लबाच्या सेक्रेटरीची टीप: 'मार्कर श्यामराव याने सदर अर्ज आपण लिहिल्याचे कबूल केले. कामावरून कमी केले.'

नीलेशनं विचारलं, "आजी, हे अक्षर आजोबांचंच ना?"

मी चष्मा मागितला. रंजिता, माझी सून, आतून आणेपर्यंत मले विचार करायले वेळ होता. चष्मा लावला, कागद जवळ धरला, अन् म्हटलं, "हो, त्यांचंच."

"पण का केलं असेल त्यांनी? दोघं तर जिवलग होते म्हणतात."

इथं तरी मी गप राहायले पाहिजे होतं.

"जळत असतील," मी म्हटलं. "एकाच कोर्टावर दोघं शिकले. एकाचं नाव पेपरात आलं, एकाचं नाही."

त्यानं ते वहीत लिहून घेतलं. जाताना माझ्या पाया पडला अन् म्हणाला, "आजी, स्वतःच्या नवऱ्याबद्दल इतकं खरं बोलणारी बाई मी पाहिली नाही."

परवा त्यानं ते प्रकरण छापायच्या आधी आमच्याकडं पाठवलं. तेजस्विनीनं, म्हणजे संजीवच्या पोरीनं, सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. तिले रॅकेट धरायले श्यामनं शिकवलं होतं, इथल्याच कॉलनीच्या कोर्टावर. सत्तरी उलटली होती त्याची, तरी रोज संध्याकाळी पांढरे कॅनव्हासचे जोडे घालून तिच्यासंगं जात होता. पहिली दोन पानं तिनं ऐटीत वाचली. मग तिचा आवाज बारीक होत गेला. 'मित्राचा मत्सर' असे शब्द आले तेव्हा थांबली. कागद खाली ठेवला, उठली, अन् समोरच्या खोलीतला त्याचा फोटो भिंतीवरून काढला. हारासकट.

संजीव म्हणाला, "ठेव तो जागेवर. कसेही असोत, माझे बाबा हायेत."

"मी त्यांच्यासंगं दहा वर्षं खेळली, बाबा!" ती म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "आजी, तुले माहीत होतं ना? मग अशा माणसासंगं तू जन्म कसा काढला?"

मी म्हटलं, "काढला."

दादा, तेवढंच म्हटलं. ती फोटो घेऊन आत गेली अन् मी पलंगावर बसून राहिली. उठून तिच्या मागं जायले पाय नव्हते, हे माझं नशीबच समज. पाय असते तरी मी गेली नसती.

सत्यभामा


जवाहरनगर
२ डिसेंबर २०२३

दादा,

अर्ज मी लिहिला होता.

एवढी एक ओळ लिहून मी कागद दोन दिवस उशीखाली ठेवला. आज पुढचं लिहिते.

तू कलकत्त्याले गेल्यावर पहिला सामना जिंकल्याची बातमी पेपरात आली. मास्तरांनी घरी येऊन वाचून दाखवली. भारताचा जो खेळाडू पुढं टिकेल त्याले उन्हाळ्यात विलायतच्या दौऱ्यावर नेतील, असंही त्यात होतं. आईनं दारोदार साखर वाटली. बाबा मागावर बसून होता, तो उठला नाही. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. करवतकाठी लुगड्याचा काठ घरात तुझ्याशिवाय कोणाले जमत नव्हता. तू क्लबातून आल्यावर रोज बसत होता म्हणून माग चालू होता.

दुपारी आई धुणं घेऊन तळ्यावर गेली. बाबानं मले हाक मारली.

"सातवी शिकली ना तू? कागद घे."

"कोणाले लिहायचं?"

"मी सांगतो तसं लिही. खोटं एक अक्षर टाकू नको. खरं तेवढंच लिही."

मी लिहिलं. सदर इसम भंडाऱ्याच्या क्लबात मासिक पगारावर मार्कर आहे. हौशी म्हणून केलेली त्याची सही खोटी आहे. खाली 'एक हितचिंतक'. दादा, त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. म्हणून तर तुले भांडायले जागा उरली नाही. नागपूरहून कलकत्त्याले तार गेली, क्लबाले तारेनं विचारलं, क्लबानं हो म्हटलं, अन् तिसऱ्या फेरीच्या सकाळी ते झालं.

मग अर्जाचा कागद क्लबात आला. सेक्रेटरीनं सगळ्या नोकरांले ओळीत उभं करून अक्षर दाखवलं. अक्षर माझं, हे श्यामनं ओळखलं, अन् लिहायले बाबानंच बसवलं असेल हेही ताडलं. कसं ओळखलं ते आज सांगते. तू क्लबात भाकरीचा डबा नेत होता, त्यात भाकरीखाली मी दोनदा त्याच्यासाठी चिठ्ठी ठेवली होती. तुले हातपाय धुवायले वेळ लागत होता, डबा नेहमी तोच उघडत होता.

श्याम ओळीतून पुढं झाला अन् म्हणाला, "साहेब, मी लिहिलं."

मले त्यानं हे लग्नानंतर सांगतलं, अन् एकदाच. म्हणाला, "बापानं केलं असं टेकचंदले समजलं असतं तर त्यानं घर पेटवलं असतं. मी तर दोस्त. दोस्तावरचा राग उतरते."

तू परत आला तेव्हा वरठीच्या स्टेशनावर तो सायकल घेऊन तुले आणायलेच आला होता. तिथं त्यानं स्वतःच्या तोंडानं तुले सांगतलं, दुसऱ्याकडून कानावर येऊ नये म्हणून. तू त्याले मारलं. त्याचा डावा कान गेला तो कायमचा. तू तिथूनच उलट्या गाडीत बसला अन् घरी आलाच नाही. ज्या मागासाठी बाबानं हे केलं, तो पुढच्या होळीच्या आत बंद पडला.

तीन वर्षांनी श्यामनं मले मागणी घातली. बाबाले नाही म्हणायले तोंड नव्हतं. श्यामचं नाव घेतलं की गाव थुंकत होतं, अन् बाबानं त्यालेच पोरगी दिली. तुले वाटलं असेल, बहीण वैऱ्याच्या घरी गेली. गावालेही तेच वाटलं.

त्याले ऑर्डनन्समध्ये नोकरी लागली, आम्ही इथं आलो. त्यानं मले कधी टाकून बोललं नाही. शेजारच्या बाया म्हणत, सत्यभामाबाई किती गुणाची, नवऱ्याले कधी उलटून बोलत नाही. कशी बोलू? भाजीत मीठ जास्त झालं तरी तो मुकाट खात होता, अन् मले तो घास मोजल्यासारखा वाटे. दुसऱ्या बाया माहेरी निघून जातो म्हणून धमक्या देत. मी कुठं जाणार होती? माझं माहेर मीच मोडलं होतं, अन् ज्यानं त्याची शिक्षा भोगली त्याच्याच घरात राहत होती. त्याच्या उजव्या बाजूनं बोलायची सवय लावून घेतली. डावीकडून बोललं की तो "आँ?" करायचा, अन् मी फिरून उजवीकडं येत होती.

संजीव चार वर्षांचा असेल. मी एक दिवस म्हटलं, "एकदा तरी मले रागवा. मारा."

तो म्हणाला, "कायले? तुझा काय गुन्हा? पंधरा वर्षांची पोरगी तू. बापानं बसवून लिहून घेतलं."

असं त्यानं म्हटलं की मी मान खाली घालत होती. त्याले वाटे, मले रडू येऊन राहिलं.

सत्यभामा


जवाहरनगर
१५ डिसेंबर २०२३

दादा,

रविवारी नीलेश श्यामचा फोटो न्यायले आला. पुस्तकात टाकायचा होता. तेजस्विनीनं कपाटातून फोटो आणून त्याच्यासमोर ठेवला, जसा उसना घेतलेला डबा परत करावा तसा. संजीव घरी होता. रंजिता चहा घेऊन आली.

मी म्हटलं, "नीलेशभाऊ, तो अर्ज माझा हाये."

त्याले वाटलं, मी झेरॉक्स परत मागून राहिली. तो पिशवीत शोधू लागला. मी पुन्हा म्हटलं, "माझ्या हातानं लिहिला हाये. त्यांनी नाही."

संजीवनं कप टेबलाच्या कडेवर ठेवला, चहा सांडला. मग संजीव म्हणाला, "आई, तुले बरं नाही वाटत का? गोळी घेतली?"

म्हाताऱ्या माणसानं खरं सांगतलं की लोक आधी गोळी विचारते.

मी तेजस्विनीची वही मागितली. अर्ज मले पाठ होता. पासष्ट वर्षं मनात म्हणत आली, पाठ कसा नसेल. एका दमात लिहिला, शेवटच्या 'हितचिंतक'पर्यंत. हात कापते आता, ओळ वर चढते. पण 'ह'ची शेपटी मी अजून तशीच मागं वळवते, जशी बाईंनी चौथीत शिकवली होती. नीलेशनं दोन्ही कागद बाजूबाजूले ठेवले अन् पुष्कळ वेळ पाहत राहिला. मग त्यानं पेनाचं टोपण लावलं.

"आजी, मागं तुम्हीच म्हणाल्या, ते जळत होते."

"खोटं म्हटलं."

"का?"

"मले वाटलं, ते तर गेले. त्यांना आता काय होते. मी अजून याच घरात हावो."

संजीव उठून बाहेर गेला. अजून माझ्याशी धड बोलत नाही. जेवण, गोळी, वॉकर, एवढंच. रंजितानं मात्र सांडलेला चहा पुसता पुसता हळूच म्हटलं, "आई, एवढं घेऊन तुम्ही रोज स्वयंपाक कसा केला जी?" इतक्या वर्षांत कोणी मले असं विचारलं नव्हतं. तेजस्विनीनं फोटो परत भिंतीवर लावला. त्याच्यासमोर उभी राहून "सॉरी आबा" म्हणाली. माझ्या खोलीत ती येत नाही.

आता राहिलं ते फक्त तुले सांगते. नीलेशले नाही सांगतलं, घरी नाही, श्यामले तर नाहीच.

बाबानं अर्ज लिहून घेतला हे खरं. पण टाकायले तो आला नव्हता. पेटी शाळेपाशी होती, मी एकटी गेली. कोणी माझा हात धरला नव्हता. मी तो फाडू शकत होती, तळ्यात टाकू शकत होती, अन् घरी येऊन टाकला म्हणून सांगू शकत होती. आंधळ्या बापाले काय दिसणार होतं.

तू जायच्या आदल्या दिवशी ओसरीवर श्यामले काय म्हटलं होतं, आठवते? "श्याम, नाव झालं तर तुले संगं नेतो. सरावाले माणूस लागतेच. दोघं विलायत पाहू." श्याम हसला. तो किती खुशीत हसला, ते मी दाराआडून पाहिलं. मले वाटलं, हा गेला की परत येणार नाही. आला तरी मोहाडीच्या पोरीकडं पाहणार नाही.

पेटीपाशी मी उभी राहिली तेव्हा बाबाचा माग माझ्या मनात नव्हता. श्याम होता.

अन् तो मिळाला, दादा. जसा पाहिजे होता तसाच मिळाला. मग जन्मभर त्यानं मले निर्दोष म्हटलं अन् मी ऐकून घेतलं. शेवटच्या आठवड्यात त्याचा श्वास लागत होता तेव्हा मी त्याच्या उशाशी बसून सांगायचं ठरवलं. डाव्या बाजूनं बसली. मुद्दाम. बोलली ते सगळं त्याच्या मेल्या कानात गेलं. तो म्हणाला, "आँ?" मी म्हटलं, "काही नाही, पाणी देऊ का?"

माफी मागत नाही. तुझं जे गेलं ते माफीच्या मापाचं नाही. फक्त ज्याले तू पासष्ट वर्षं शिव्या घातल्या, त्याले सोड. त्या जागी मी हावो.

सत्यभामा


बिलासपूर
२७ डिसेंबर २०२३

सत्यभामा,

चारही पत्रं पोचली. पहिली तीन मी फोडली नव्हती, टेबलावर ठेवली होती. नीलेशचा फोन आल्यावर चारही एकदम वाचली. नातवाले वाचून दाखव म्हणणार होतो, मग नाही म्हटलं. भिंग लावून स्वतःच वाचली. दोन दिवस लागले.

नीलेशले मी सांगतलं, श्यामचं नाव साफ कर. अन् हेही लिही, की वरठीच्या स्टेशनावर मी त्याले लोकांसमोर मारलं, अन् त्यानं हात उचलला नाही. त्याचा हात माझ्यापेक्षा जड होता. क्लबात दहा सामन्यांत सहा तो जिंकत होता. कलकत्त्याले फॉर्म दोघांनी भरावा असं साहेब म्हणत होते. श्याम म्हणाला, मी खोटी सही करत नाही, तू जा. हे मी आजपर्यंत कोणाले सांगतलं नाही. तूच एकटी लपवून बसली नव्हती.

स्टेशनावर तो "मी लिहिलं" म्हणाला तेव्हा मले एकदम खरं वाटलं. काहून वाटलं? कारण तो खरा होता अन् मी खोटा, अन् हे आम्हा दोघांले ठाऊक होतं. मले त्याचाच राग होता. इथं रेल्वेच्या पोरांले चाळीस वर्षं खेळ शिकवला, पण दोस्त म्हणून कोणाले जवळ येऊ दिलं नाही.

बाबाचं मले काही म्हणायचं नाही. तो मेला.

तुझं म्हणशील तर राग आहे. त्या अर्जाचा थोडा. तू त्याच्या मेल्या कानात बोलली, त्याचा जास्त. त्या माणसानं उजव्या कानानं ऐकलं असतं तर तो हसला असता, एवढं तुले त्याच्यासंगं एकसष्ट वर्षं राहून कळलं नाही? मले तर सात वर्षांच्या दोस्तीत कळलं होतं, अन् तरी मी त्याले मारलं.

तुझ्याशी बोलायले मले वेळ लागेल. शहाऐंशी पूर्ण झाली, वेळ थोडाच आहे. तरी लागेल.

थंडी कमी झाली की नातू गाडीनं वरठीपर्यंत आणतो म्हणते. श्यामले वैनगंगेच्या कोणत्या घाटावर नेलं, तेवढं तुझ्या सुनेच्या हातून कळव.

तुझ्या घरी येणार नाही. घाटावर येईन.

टेकचंद